लाकडी जहाजं आगीपासून वाचवतात कशी? आमच्या वाड्याचं काम निघालंय म्हणून विचारतोय

जॉबर_सोलापूर

नमस्कार मंडळी. आयुष्य मिलमध्ये आणि नंतर टॉवेलच्या कारखान्यात गेलं, आता घरीच असतो. मागच्या वर्षी मुलीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा तिनं ग्रीनिचला कटी सार्क नावाचं जुनं जहाज दाखवलं. १८६९ सालचं, चीनहून चहा आणायचं. आता ते गोदीत तीन मीटर उचलून ठेवलंय, आपण चक्क त्याच्या पोटाखाली उभं राहून वर बघू शकतो, आणि पितळी पत्र्यानं मढवलेलं ते पोट इतकं सुंदर दिसतं की मी अर्धा तास मान वर करूनच होतो.

मग जावयानं सांगितलं की २१ मे २००७ ला पहाटे हे जहाज पेटलं होतं. युद्ध नाही, वीज नाही पडली. डागडुजीचं काम चालू होतं आणि कचरा ओढायचं मोठं व्हॅक्यूम मशीन शनिवार-रविवार चालूच राहिलं, बहुतेक तेच तापून पेटलं असा निष्कर्ष निघाला. ऐकून मी गपकन खाली बसलो. कारण आमच्या कारखान्यात अगदी हेच झालं होतं. शनिवारी संध्याकाळी सहाला डक्टचं वेल्डिंग संपलं, सगळे घरी गेले, ठिणगी वरच्या रुईच्या, म्हणजे कापसाच्या तंतूंच्या, थरात जाऊन बसली असणार, रात्रभर आतल्या आत धुमसली आणि रविवारी पहाटे शेड पेटली. माणूस कुणी गेला नाही ही सिद्धेश्वराची कृपा, पण चोवीस साचे, म्हणजे माग, गेले.

आता आमच्या बाळीवेशीतल्या वाड्याचं काम काढलंय. सागवानी खांब, तुळया, वर पांढऱ्या मातीचं माळवद. दोन तुळयांना वाळवी लागलीय, कंत्राटदार म्हणतो खाली लोखंडी गर्डर देऊ, जागेवर वेल्डिंग करू. मला झोप लागेना झालीय. शेकडो वर्षांची लाकडी जहाजं जे लोक जपतात ते काय करतात? माहीत असेल त्यांनी लिहा, मला खरंच उपयोग होणार आहे.

सुमेधा_द

काका, कटी सार्क वाचलं त्याचं एक कारण फार महत्त्वाचं आहे. डागडुजीसाठी त्याचे डोलकाठ्या, पुढची मूर्ती, बऱ्याच फळ्या आधीच काढून दुसरीकडे ठेवल्या होत्या. शिवाय ते पूर्ण लाकडी नाही, सांगाडा लोखंडी आणि वर लाकडी फळ्या असं आहे, म्हणून आकार टिकला. एप्रिल २०१२ मध्ये परत उघडलं, खर्च सुमारे पाच कोटी पौंड. २०१४ ला परत डेकवर छोटी आग लागली पण ती लगेच विझवली.

उलट उदाहरण म्हणजे इटलीतल्या नेमी सरोवराची दोन रोमन जहाजं. जवळजवळ दोन हजार वर्षं पाण्याखाली राहिली, सरोवराचं पाणी उपसून ती वर काढली, त्यांच्यासाठी संग्रहालय बांधलं आणि ३१ मे १९४४ च्या रात्री संग्रहालयात लागलेल्या आगीत दोन्ही जळाली. पाण्यानं दोन हजार वर्षं सांभाळलं, आपल्याला ती काही वर्षंसुद्धा सांभाळता आली नाहीत. वाचताना रडू येतं.

नाना_बाळीवेस

जॉबरसाहेब, आधी मला सांगा काम कधी काढायलात? मे महिन्यात नका काढू बघा. आपल्याकडं चव्वेचाळीस डिग्रीला लाकूड सांडग्यागत कडकडीत वाळलेलं असतंय. आणि वाडा कुठला, मारुतीच्या बोळातला का? तसं असंल तर आमची भिंत तुमच्या भिंतीला लागून आहे की ओ, मग मी पण जागणार तुमच्यासोबत!

जॉबर_सोलापूर

नाना, तोच वाडा. या मग, चहा माझ्याकडे, शेंगाचटणी-भाकरी पण.

वर्दी_१०१

मी बंबावर तीस वर्षं काढली, फायरमनपासून सुरुवात केली. जहाजाची आग मी पाहिलेली नाही पण पेठेतल्या वाड्यांच्या आगीच्या वर्द्या भरपूर केल्यात, आणि जहाज म्हणजे पाण्यावरचा वाडाच समजा.

वाड्यात आग दिसते तिथे नसते. खालच्या खणात धूर येतो म्हणून पोरं तिथं पाणी मारत बसतात आणि आग भिंतीतल्या पोकळीतून, जिन्यातून कधीच वर गेलेली असते. जिना म्हणजे धुराडं. जहाजाला तर आतली फळी आणि बाहेरची फळी, मध्ये बरगड्या, त्या बरगड्यांमध्ये सलग पोकळ जागा, म्हणजे आगीला बोळच बोळ. एकदा एका वाड्यात आम्ही आग विझवून होज गुंडाळले, पंचनामा झाला, चार तासांनी परत वर्दी. तुळईचं टोक भिंतीत जिथं रोवलेलं असतं तिथं निखारा राहिला होता. तेव्हापासून मी हाताचा मागचा भाग भिंतीला लावून लावून तपासायचो, तळहात नाही, मागचा भाग. आता थर्मल कॅमेरे आलेत, तेव्हा हातच होता.

तुमच्या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर, इमारत असो की जहाज, वापरात असताना कमी जळतं आणि दुरुस्तीत जास्त जळतं. अलार्म धुळीनं वाजतो म्हणून बंद करून ठेवतात, नेहमीचा राखणदार रजेवर, तात्पुरत्या वायरी, थिनरचे डबे, आणि रोज नवीन माणसं ज्यांना आतलं काही माहीत नाही.

विजयदुर्गकर

जहाजांची आग म्हटल्यावर आमच्या विजयदुर्ग गावाचा विषय निघायलाच हवा. फेब्रुवारी १७५६. तुळाजी आंग्र्यांचं अख्खं आरमार किल्ल्याच्या आडोशाला, वाघोटण खाडीत एकमेकांना खेटून बांधलेलं. इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या ताफ्यातून आलेला एक गोळा रिस्टोरेशन नावाच्या जहाजावर पडला. गंमत नाही, दुर्दैव बघा, ते जहाज मुळात आंग्र्यांनीच इंग्रजांकडून जिंकलेलं. ते पेटलं, त्यावरून शेजारच्या गुराबा म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, गुराबांवरून छोटी गलबतं. फळ्यांच्या सांध्यात काथ्या-कापूस, वर राळ आणि तेल, शिडं सुती, दोर तेलकट, पेटायला वेळ तो किती. कान्होजींपासून उभं केलेलं आरमार एका संध्याकाळ-रात्रीत राख झालं.

किनाऱ्यावर संध्याकाळी उभं राहिलं की मला अजून ते आठवतं, जसं काही मी बघितलंय.

पेठकर

गोळा इंग्रजांचा होता पण तुळाजीविरुद्ध इंग्रजांशी करार कुणी केला होता? नानासाहेब पेशव्यांनी. स्वतःचं आरमार स्वतः जाळलं, हे लिहायला का लाजता?

विजयदुर्गकर

लाजत नाही, करार पेशव्यांचाच होता आणि चूकच होती असं माझंही मत आहे. पण तुळाजीही कुणाला जुमानत नव्हते हे सोडून कसं चालेल.

पेठकर

जुमानत नव्हते म्हणून परक्याला घरात घ्यायचं? त्यानंतर आपलं आरमार परत तसं उभं राहिलं नाही, हे तरी मान्य करा.

सुमेधा_द

दोघांनीही वेगळा धागा काढा ना, मी तिथे येऊन दोघांशी भांडेन :) इथे काकांना उत्तर हवंय. आणि विजयदुर्गकरांच्या पोस्टमध्ये ते आहे: एकमेकांना खेटून बांधलेली जहाजं. १९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री विशाखापट्टणमच्या मच्छीमार बंदरात सुमारे चाळीस बोटी जळाल्या, तिथेही हेच. एक पेटली की दोर कापून तिला वेगळं करायला जागाच नाही. १७५६ ला जे झालं तेच २०२३ ला. नाना आणि काकांच्या भिंती खेटून आहेत ना?

नाना_बाळीवेस

आता माझी झोप उडाली ना ताई.

चंद्रभागातीर

मी पंढरपूरचा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या. आता फायबरच्या आल्यात पण माझ्या लहानपणी सगळ्या लाकडी. उन्हाळ्यात नदी आटली की होडी वाळवंटात पालथी घालायची, जुना कापूस छिन्नीनं खरवडून काढायचा, नवा ठोकायचा आणि वरून गरम डांबर. डांबर तापवायला तीन दगडांची चूल, वर पत्र्याचा डबा, खाली चिपाडं.

आज्जाचे नियम होते. चूल होडीपासून वीस पावलं लांब आणि वारा होडीकडून चुलीकडं वाहात असला पाहिजे, उलटा नाही. डबा अर्ध्याच्या वर भरायचा नाही कारण डांबर उतू गेलं की पेटतं. आणि शेजारी ओल्या वाळूची पाटी. पाणी नाही, वाळू. पेटलेल्या डांबरावर पाणी मारलं तर ते उडून अंगावर येतं. एकदा चुलत्यानं घाईत चूल जवळ मांडली, वारा फिरला, होडीच्या सांध्यातला नवा कापूस भुर्रकन पेटला. आज्जानं पाटी उपडी केली आणि दोन्ही हातांनी वाळू दाबून धरली. हात भाजले पण होडी वाचली. त्या होडीत मी पुढं पंधरा वर्षं वारकरी पैलतीरी नेले. त्या फळीवरचा काळा डाग मी प्रत्येक वेळी बघायचो.

लाकूडअड्डा

मी इमारती लाकडाचा धंदा करतो. एक सांगतो, जुना सागवान एवढा सहज पेटत नाही, लोक उगीच घाबरतात. बाराबाय बाराच्या तुळईला काडी लावून दाखवा बरं. लोखंडी गर्डर आगीत तापून वाकतो, सागवान उभा राहतो.

वर्दी_१०१

लाकूडअड्डा, तुमचं अर्धं बरोबर आहे. जाड लाकूड बाहेरून कोळसा होतं आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला झाकतो. टणक लाकूड साधारण मिनिटाला अर्धा मिलिमीटर आत जळत जातं, म्हणजे अर्ध्या तासात दीड सेंटीमीटर, एवढ्यात मोठी तुळई पडत नाही. लोखंड मात्र साडेपाचशे-सहाशे डिग्रीला निम्मी ताकद घालवतं. पण आग तुळईपासून सुरू होते कुठं? ती सुरू होते पातळ फळीत, छताच्या काड्यांत, पाखरांच्या घरट्यात, कोपऱ्यातल्या भुश्यात. तुळई शेवटी पेटते, आणि तोपर्यंत माणूस आत राहू शकत नाही. शनिवारवाड्यात काय सागवान नव्हता? १८२८ ला पेटला तो कित्येक दिवस जळत होता, आज नुसती तटबंदी आणि जोती राहिलीत.

लाकूडअड्डा

हे मान्य. भुश्याचं तर शंभर टक्के मान्य, आमच्याकडे रोज संध्याकाळी भुसा पोत्यात भरून बाहेर काढल्याशिवाय कुलूप लावत नाही.

गोदी_मुंबई

उशिरा आलो. आधी आपल्या मुंबईचं सांगतो, इंग्लंडच्या हार्टलपूलला ट्रिंकोमाली नावाची फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका, आहे, १८१७ ला मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली, मलबारच्या सागवानाची. अजून पाण्यावर तरंगतेय. मी कामानिमित्त गेलो होतो तेव्हा तिच्या फळीवर हात ठेवून उभा राहिलो, आपलं लाकूड, आपल्या सुतारांचे हात. छाती भरून आली.

त्या काळी जहाजावर आगीची शिस्त फार कडक असे कारण पोटात दारूगोळा. युद्धनौकांवर दारूच्या कोठारात दिवा नेतच नसत. शेजारी एक वेगळी छोटी खोली, मध्ये काचेची खिडकी, दिवा त्या खोलीत आणि उजेड काचेतून कोठारात. आत जाणाऱ्याच्या पायात मऊ चपला, हत्यारं तांब्याची म्हणजे ठिणगी पडायला नको, दाराला ओले जाड पडदे. सैपाकाची चूल एकच, ती पण ठरलेल्या वेळी विझवायची. मशीन नव्हतं, अलार्म नव्हता, तरी दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांना कळलं होतं की जाळ आणि दारू एका खोलीत नको.

दुसरं, नुसतं पाणी मारून भागत नाही. ९ फेब्रुवारी १९४२ ला न्यूयॉर्कला नॉर्मंडी हे भलं मोठं प्रवासी जहाज धक्क्यावर असतानाच पेटलं. ते पोलादी होतं, सैन्यासाठी बदल चालू होते. गॅस कटिंगची ठिणगी लाइफ जॅकेटच्या ढिगावर पडली, त्या जॅकेटांत कापोक, म्हणजे आपल्या सावरीच्या कापसासारखा. विझवायला इतकं पाणी ओतलं की वरच्या मजल्यांत पाणी साठून जहाज एका बाजूला कलंडलं आणि आडवं झालं. आगीनं नाही, पाण्यानं मारलं.

जॉबर_सोलापूर

गोदीसाहेब, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा कापूस, पुन्हा ठिणगी. माझ्या अंगावर काटा आला. माळवदाचा पण हाच प्रश्न आहे हो, वरची पांढरी माती पाणी पिऊन दुप्पट जड झाली तर वाळवी लागलेली तुळई धरेल का? मग स्प्रिंकलर लावायचे की नाही?

वेणू_सेफ्टी

काका मी मूळची अशोक चौकातली, आता फायर सेफ्टीचं काम करते. हेरिटेजमध्ये हल्ली वॉटर मिस्ट वापरतात. दाबानं पाण्याचे अगदी बारीक थेंब करायचे, धुक्यासारखे, ते जाळाजवळ जाऊन वाफ होतात, वाफ होताना पाणी सोळाशे-सतराशे पट फुगतं, उष्णता ओढून घेतं आणि हवा बाजूला ढकलतं. साध्या स्प्रिंकलरच्या मानानं पाणी फार थोडं लागतं, म्हणजे जहाज कलंडायची भीती कमी आणि जुन्या लाकडाचं, रंगकामाचं नुकसान पण कमी. धूर ओळखायला छतात बारीक नळ्या फिरवतात, त्या सतत हवा ओढून तपासत राहतात, डोळ्यांना धूर दिसायच्या आधी सांगतात.

आगरोधक रंगाबद्दल कुणीतरी विचारेलच म्हणून आत्ताच, जुन्या लाकडावर तो सरसकट लावू नका. एकदा बसला की निघत नाही, आणि काही क्षार लाकडात मुरवले तर लोखंडी खिळ्यांना गंज चढतो.

पण खरं सांगू, यंत्र वाजतं ते माणसासाठी. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला १५ एप्रिल २०१९ ला अलार्म वेळेवर वाजला होता. पण पहारेकऱ्याला जागा नीट कळली नाही, तो भलत्याच इमारतीच्या माळ्यावर जाऊन बघून आला आणि जवळपास अर्धा तास गेला. तोवर ओकच्या तुळयांचं अख्खं छप्पर पेटलं.

यंत्रमाग_पोरगा

सगळं वाचलं. राग येऊ देऊ नका पण आमच्या इथं कारखान्यात माणसं राहतात, वर संसार आणि खाली माग, एकच जिना. तिथं आग लागली तर माणसं मरतात. लंडनच्या जहाजाला पाच कोटी पौंड, आणि आमच्या जिन्याला दुसरा दरवाजा नाही. कशाला जहाजाची चर्चा करायची?

जॉबर_सोलापूर

बाळा, राग नाही. तू बरोबर बोलतोयस आणि आधी दुसरा दरवाजा, मग बाकी सगळं. मी स्वतः असल्या शेडमध्ये झोपलोय. पण मी जहाजाचं विचारलं ते याच्यासाठीच, आग तीच आहे, ठिणगी तीच. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजात काय होतं? स्फोटकं आणि त्याच्यासोबत कापसाच्या गाठी. गाठ बाहेरून विझलेली दिसते आणि आत दोन-दोन दिवस धुमसते हे आपल्या सोलापुरात मिलमधल्या पोरालाही माहीत असायचं. तिथं गाठीच पेटल्या आणि जहाज उडालं, शेकडो माणसं गेली.

वर्दी_१०१

आणि आमचे ६६ जवान. दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो तो त्यांच्यासाठी. मी दरवर्षी त्या दिवशी गणवेशात उभा राहायचो, आता घरी उभा राहतो. यंत्रमाग भाऊ, तुमच्या शेडचा पत्ता इथे टाकू नका पण मला मेसेज करा, मी येऊन जिना बघतो. फुकट, माझ्या समाधानासाठी.

यंत्रमाग_पोरगा

करतो काका. थँक्यू.

सुमेधा_द

जपानचं सांगायचं राहिलं. होर्यूजी हे तिथलं अतिशय जुनं लाकडी मंदिर, २६ जानेवारी १९४९ ला तिथे आग लागली आणि भिंतीवरची प्राचीन चित्रं खराब झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी वारसा जपण्याचा कायदा केला आणि पुढे १९५५ ला २६ जानेवारी हा दिवस दरवर्षी देवळांत, जुन्या वस्त्यांत आग विझवण्याच्या सरावाचा ठरवला. आपला झेंडावंदनाचा दिवस, त्यांचा पाण्याच्या पाइपांचा.

लाकूडअड्डा

जॉबरसाहेब, वाड्याला शेवटी तेलपाणी करणार असाल तर एक महत्त्वाचं. जवसाच्या तेलानं पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना हवेशी मिळून गरम होतं, चिंध्यांच्या बोळ्यात ती गरमी बाहेर जात नाही आणि काडी न लावता पेट घेतं. करडईचं तेल पण वाळणाऱ्यातलंच, त्याचाही भरवसा नको. चिंध्या एकतर उघड्यावर पसरून वाळवा नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. आमच्याकडे एका पॉलिशवाल्याचं पोतं असंच दुपारी धुमसायला लागलं होतं, मी स्वतः ओढून रस्त्यावर नेलं.

नाना_बाळीवेस

आमची आई करडईच्या तेलाचे फडके चुलीजवळ ठेवू द्यायची नाही. आम्हाला वाटायचं आई उगीच ओरडायलीय.

जॉबर_सोलापूर

बरेच दिवसांनी लिहितोय, काम चालू होतं. तुमच्यामुळे काय काय बदललं ते सांगतो.

जागेवर वेल्डिंग रद्द केलं. गर्डर बाहेर वर्कशॉपमध्येच भोकं पाडून आणले आणि वाड्यात नटबोल्टनं आवळले. कंत्राटदार कुरकुरला, दोन दिवस जास्त गेले. एका ठिकाणी मात्र वेल्डिंगशिवाय इलाज नव्हता. तिथं आधी छताची किलचणं, म्हणजे तुळयांवरच्या आडव्या फळ्या-काड्या, झाडली, चिमण्यांची तीन घरटी निघाली, सगळी वाळकी काडी, त्यात एक रुईचा बोळापण होता, कुठल्या कारखान्यातून आणला होता कोण जाणे. तो हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. मग ओली गोणपाटं अंथरली, पंढरपूरच्या भावानं सांगितली तशी वाळूची पाटी, आणि वेल्डिंग सकाळी दहाला सुरू करून बारालाच बंद, म्हणजे पुढं अख्खा दिवस लक्ष ठेवायला. मेन स्विच संध्याकाळी मी स्वतः पाडायचो आणि किल्ली खिशात.

वर्दीसाहेब स्वतः येऊन गेले. तुळईच्या टोकाला भिंतीवर हाताचा मागचा भाग लावून दाखवला, तीन ठिकाणी. नंतर यंत्रमागवाल्या पोराकडे पण गेले, तिथं मागच्या बाजूनं लोखंडी जिना लावायचं मालकानं कबूल केलंय, माप घेऊन झालंय.

त्या रात्री नाना आणि मी ओसरीवर बसून होतो. दर तासाला एकजण बॅटरी घेऊन वर. दोन वाजता नाना वरून ओरडले, धूर! मी पडत-झडत जिना चढलो. धूर नव्हता, बॅटरीच्या झोतात माळवदाची माती झडत होती. तरी मी तुळईला हात लावून बघितला.

गार होती.

नाना_बाळीवेस

अजून दोन रात्री जागायचंय. आज भाकरी आमच्याकडून, लवकर या.